गाडी गेली, वाट राहिली

रेल्वेमार्ग बंद पडला की त्याचं पुढे काय होतं? रूळ भंगारात जातात, स्लीपर कुणाच्या तरी कुंपणाला लागतात, स्टेशनच्या खोलीत कबुतरं राहायला येतात. पंधरा-वीस वर्षांत झुडपं अशी माजतात की इथून कधीकाळी गाडी जायची हे नव्या माणसाला सांगूनही पटत नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडच्या आपल्यापैकी अनेकांनी हे डोळ्यांनी पाहिलं आहे.

याचा दुसराही एक शेवट होऊ शकतो. रूळ काढून त्या जागी चुनखडीची बारीक कच दाबून पसरायची, पूल आणि बोगदे दुरुस्त करायचे आणि तो सगळा पट्टा चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना मोकळा करून द्यायचा. अमेरिकेत अशा वाटांना ‘रेल ट्रेल’ म्हणतात. आम्ही पिट्सबर्गला राहतो आणि आमच्या गावातूनच अशी एक मोठी वाट सुरू होते. तिचं नाव ग्रेट ॲलेगेनी पॅसेज. पिट्सबर्गपासून मेरीलंड राज्यातल्या कंबरलंड गावापर्यंत ती सुमारे २४० किलोमीटर जाते. तिथे तिला एका जुन्या कालव्याच्या काठची वाट मिळते आणि त्या वाटेने थेट वॉशिंग्टन गाठता येतं.

गेल्या ऑक्टोबरात आई-बाबा इंदूरहून आले होते. झाडांची पानं पिवळी-लाल झाली होती. तेव्हा या वाटेचा सगळ्यात उंचावरचा तुकडा चालायचं ठरलं. आम्ही पाच जण होतो: आई, बाबा, बायको, नऊ वर्षांची लेक आणि मी. शिवाय आमची बीगल जातीची कुत्री बुंदी. या वाटेवर कुत्र्यांना मनाई नाही, फक्त पट्टा बांधलेला हवा.

प्रश्न होता आईच्या गुडघ्याचा. दोन वर्षांपासून तिचा गुडघा कुरकुरतो. देवळाच्या पायऱ्या ती एकेक करून चढते. "डोंगर चढायचा असेल तर तुम्ही जा, मी गाडीत बसून विणकाम करीन," असं तिने आदल्या रात्रीच सांगून टाकलं होतं. तिला मी एवढंच म्हटलं की ही वाट माणसांनी नाही, इंजिनांनी आखलेली आहे.

त्यात अतिशयोक्ती नव्हती. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार कमी घर्षणाने चालतं, म्हणून इंजिन एवढा भार ओढू शकतं. पण त्याच कारणाने ते चढावर घसरतंही. रस्ता डोंगराला सरळ भिडू शकतो, रेल्वेला ते जमत नाही. तिला डोंगर फोडावा लागतो, दरीत भराव घालावा लागतो, नाहीतर बोगदा खणावा लागतो. हे सगळं चढ कमी ठेवण्यासाठी. आम्ही जिथून चालणार होतो त्या पश्चिमेच्या बाजूला शंभर मीटरला एक मीटरही चढ नाही. पूर्वेकडून, म्हणजे कंबरलंडकडून येताना तो साधारण दीड ते पावणेदोन मीटर आहे. एवढीशी चढण ठेवण्यासाठी शंभर वर्षांपूर्वी माणसांनी डोंगर कापला आणि त्याचा फायदा आज इंदूरच्या एका गुडघ्याला झाला.

पिट्सबर्गहून सुमारे दोन तास गाडी चालवली की डील नावाची छोटी वस्ती लागते. तिथे गाडी लावायला जागा आणि स्वच्छतागृह आहे. पुढे वाटेत दुकान नाही, त्यामुळे पाणी आणि खाणं बरोबर घ्यावं लागतं. आईने सकाळी उठून गुळाच्या दशम्या, बटाट्याची सुकी भाजी आणि लसणाची चटणी केली होती. इंदूरहून आलेला शेवेचा डबा तर होताच. बुंदीला त्या डब्याचा आवाज बरोबर ओळखू येतो.

हा मार्ग होता वेस्टर्न मेरीलंड रेल्वेचा. तो १९१२ साली सुरू झाला. कोळशाच्या या प्रदेशात त्याच दऱ्यांतून दुसऱ्या एका कंपनीचा मार्ग आधीपासून होता. दोन्ही कंपन्या एकाच मालासाठी झगडत राहिल्या. पुढे ट्रक आले, कारखाने मंदावले, रेल्वे कंपन्या एकत्र झाल्या आणि जवळजवळ शेजारून जाणाऱ्या दोन मार्गांपैकी एक जास्तीचा ठरला. १९७५ मध्ये हा बंद झाला. जुना प्रतिस्पर्धी मार्ग मात्र आजही जिवंत आहे. आम्ही चालत असताना मालगाडीचा लांबलचक भोंगा ऐकू आला. बाबा थांबले, घड्याळात पाहिलं आणि पुढे निघाले. बोगी मोजायची त्यांची सवय आहे, पण गाडी काही दिसली नाही.

बाबांचा जन्म महूचा आणि त्यांचं आजोळ अकोल्याला. महू ते अकोला हा सगळा मीटरगेजचा मार्ग होता: महू, पाताळपाणी, कालाकुंड, चोरल, पुढे नर्मदेचा पूल, खंडवा, मग मेळघाटच्या जंगलातून अकोला. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो त्यांचा ठरलेला प्रवास. आमच्या घरात या गाडीच्या गोष्टी इतक्या वेळा सांगून झाल्या आहेत की कालाकुंडला पळसाच्या पानावर मिळणाऱ्या कलाकंदाची चव मला खाण्याआधीच माहीत होती.

डीलहून दोन-अडीच किलोमीटर गेल्यावर एका छोट्या रस्त्याखालून वाट जाते. त्या भुयारी पुलाच्या भिंतींवर चित्रं काढलेली आहेत आणि पिट्सबर्गपासूनच्या चढ-उताराची रेघ रंगवलेली आहे. तिचं टोक इथे आहे. समुद्रसपाटीपासून २३९२ फूट, म्हणजे सुमारे ७३० मीटर. सगळ्या वाटेवरची ही सर्वांत उंच जागा.

"चढ कुठे लागला?" आईने विचारलं.

"लागून गेला," मी म्हटलं.

तिला ते खरं वाटेना. ती मागे वळून बघत राहिली. तिच्यासाठी ठरवलेली फेरी इथेच संपणार होती. बायको तिच्याबरोबर परत गाडीपर्यंत जाणार होती. पण आईने पाण्याचे दोन घोट घेतले आणि पदर खोचून विचारलं, "पुढे बोगदा आहे म्हणालास ना?"

बोगद्याकडे निघण्याआधी मी लेकीला त्या जागेची आणखी एक गंमत सांगितली. ही नुसती उंच जागा नाही, इथे पाणी वाटलं जातं. या कण्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब कॅसलमन नदीत जातो, तिथून पिट्सबर्गच्या नद्यांतून ओहायो, मिसिसिपी आणि शेवटी मेक्सिकोच्या आखाताला मिळतो. पूर्वेला पडलेला थेंब पोटोमॅक नदीतून चेसापीकच्या उपसागरात, म्हणजे अटलांटिकच्या बाजूला जातो. लेकीने लगेच बाटली काढून थोडं पाणी इकडे आणि थोडं तिकडे ओतलं. दोन्हीकडचं पाणी बुंदीने चाटलं, त्यामुळे ते कुठल्याच समुद्राला पोचलं नाही.

बाबा म्हणाले, "अरे, हे तर आपल्या महूसारखंच आहे."

आणि ते खरंच तसं आहे. महूजवळच्या जानापावच्या डोंगरात चंबळ उगम पावते. तिचं पाणी यमुनेतून गंगेला आणि बंगालच्या उपसागराला जातं. महूजवळच पाताळपाणीचा धबधबाही आहे. तो चोरल नदीचा, आणि चोरल नर्मदेला मिळून अरबी समुद्राकडे जाते. महूहून खंडव्याची गाडी पाताळपाणीला पोचली की विंध्याचा माळ संपतो आणि घाट उतरायला लागतो, तो याच कारणाने. बाबा लहानपणापासून एका जलविभाजकावरून ये-जा करत होते. ते त्यांच्या लक्षात आलं अमेरिकेत, एका रंगवलेल्या भिंतीपुढे. लेकीला त्यांनी तिथेच हाताच्या तळव्यावर बोटाने महू, जानापाव आणि नर्मदा काढून दाखवली. पाताळपाणीला टंट्या मामाच्या स्थानापाशी गाडी थांबून मानवंदना द्यायची, हेही सांगितलं. इंग्रजांशी लढलेला भिल्ल वीर आणि त्याच्यासाठी थांबणारी रेल्वे ही गोष्ट तिला नद्यांपेक्षा जास्त आवडली.

पुढे बिग सॅव्हेज बोगदा आला. लांबी ३२९४ फूट, म्हणजे पुरता एक किलोमीटर. मार्ग बंद पडल्यावर पाण्याच्या झिरपण्याने आणि गोठण्याने तो खचत चालला होता. दुरुस्तीला कोट्यवधी रुपयांच्या बरोबरीचा खर्च आला आणि २००६ मध्ये तो चालणाऱ्यांसाठी उघडला. आत दिवे आहेत. हिवाळ्यात पाणी गोठून पुन्हा नुकसान होऊ नये म्हणून तो दारं लावून बंद ठेवतात. थंडीत जाणार असाल तर आधी चौकशी करूनच निघा.

बोगद्याच्या तोंडाशी बुंदीने चारही पाय रोवले. आतून गार वारा येत होता आणि तो वास तिला पसंत नव्हता. लेकीने आत दोन पावलं जाऊन "ओ" अशी हाक मारली, त्याबरोबर आतून चार जणींनी ओ दिली. मग तर बुंदी मागेच सरकली. शेवटी बाबा पुढे झाले. त्यांनी पट्टा हातात घेतला, खिशातली शेव तिच्या नाकाशी धरली आणि तिच्याशी एकसारखं बोलत निघाले. "चल भिया, चल. घाटात चार बोगदे असायचे आमच्या, तुझा तर एकच आहे."

त्या एक किलोमीटरभर ते बोलत राहिले. वाफेच्या इंजिनाच्या दिवसांत बोगदा आला की कोणी तरी ओरडायचं आणि सगळा डबा धडाधड खिडक्या पाडायचा. तरी धूर आत शिरायचाच, आणि आजोळी उतरताना चेहरे इतके काळे झालेले असायचे की आजी आधी न्हाणीघर दाखवायची. परत येताना कालाकुंडला गाडीच्या मागे दुसरं इंजिन लागायचं. तिथून पाताळपाणीपर्यंतची चढण चाळिसास एक अशी, म्हणजे चाळीस मीटर पुढे जाताना एक मीटर वर. एका इंजिनाला ते झेपायचं नाही. एक ओढायचं आणि एक ढकलायचं. हे सगळं ते कुत्रीला सांगत होते. मागून लेक ऐकत होती. सरळ तिला सांगितलं असतं तर तिने कदाचित इतकं ऐकलं नसतं.

बोगद्यातून बाहेर पडलं की थोड्याच अंतरावर डोंगर एकदम बाजूला होतो आणि पूर्वेकडची सगळी दरी समोर येते. एकामागे एक निळसर डोंगररांगा, मध्ये शेतं आणि खाली रंगलेलं जंगल. तिथल्या बाकावर आम्ही दशम्या सोडल्या. आई पाच-साडेपाच किलोमीटर चालून आली होती. तिने इथे मुक्काम जाहीर केला आणि बायको तिच्याबरोबर थांबली. सायकलवरून जाणारे एक वयस्क जोडपं पाणी प्यायला थांबलं होतं. त्यांना आईने खुणांनीच दशमी देऊ केली. त्यांनीही खुणांनीच ती छान झाल्याचं सांगितलं.

बाबा, लेक, बुंदी आणि मी आणखी दोनेक किलोमीटर उतरून राज्याच्या सरहद्दीपर्यंत गेलो. पेनसिल्व्हेनिया आणि मेरीलंड यांच्यामधली ही मेसन-डिक्सन रेषा. दोन घराण्यांच्या वसाहतींचा हद्दीचा तंटा मिटवायला चार्ल्स मेसन आणि जेरेमाया डिक्सन या दोघांनी १७६३ ते १७६७ या काळात ती मोजून काढली. पुढे गुलामगिरी असलेली आणि नसलेली राज्यं सांगताना याच रेषेचं नाव घेतलं जाऊ लागलं. सीमेचा वाद माणसांच्या आयुष्यात किती खोल उतरतो हे बेळगावकडच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. इथे आता दगडी खुणा आहेत आणि पोरं एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढतात.

परत चढताना मी बाबांना या वाटेची मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगितली. अमेरिकेत रेल्वेची जमीन अनेक ठिकाणी कंपनीच्या मालकीची नव्हती. फक्त गाडी नेण्याचा हक्क तिच्याकडे होता. मार्ग कायमचा सोडला की तो हक्क संपायचा आणि पट्टा तुकड्यातुकड्याने शेजारच्या जमीनमालकांकडे जायचा. एकदा असे शंभर तुकडे झाले की ते पुन्हा जोडणं जवळजवळ अशक्य. म्हणून १९८३ मध्ये कायद्यात एक सोय केली गेली. तिला रेलबँकिंग म्हणतात. मार्ग बंद झाला तरी पट्टा मोडायचा नाही, तो राखून ठेवायचा आणि तोवर लोकांना चालायला द्यायचा. उद्या गरज पडली तर तिथे पुन्हा रूळ घालता येतील. थोडक्यात, जमीन ठेव म्हणून ठेवायची आणि चालणाऱ्यांनी व्याज खायचं. आमच्या वाटेचा पहिला तुकडा ओहायोपाइल गावाजवळ १९८६ साली उघडला आणि शेवटचा पिट्सबर्गमध्ये २०१३ साली. गावोगावच्या स्वयंसेवकांनी सत्तावीस वर्षं एकेक तुकडा जोडत आणला.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ते ठीक आहे. पण इथे गाडी बंद झाली तेव्हा शेजारी दुसरी होती. आपल्या कालाकुंडच्या माणसाला दुसरी कुठे होती? धड रस्ता नाही. दूध, लाकूडफाटा, कलाकंद, आजारी माणूस, सगळं त्या गाडीनेच जायचं. त्याला चालायची वाट देऊन काय करणार? तो तर चालतच होता."

याला माझ्याकडे झटपट उत्तर नव्हतं, आणि मला वाटतं ते नसणंच योग्य. बाबांचं म्हणणं खरं आहे. आपल्याकडे गाडीची गरज संपलेली नाही. महू-खंडवा मार्ग ब्रॉडगेज होतो आहे, आणि इंदूरला दक्षिणेकडे जोडणारी मोठी गाडी हवीच आहे. जुन्या घाटाची चढण मोठ्या गाड्यांना सोयीची नाही म्हणून नवा मार्ग लांबचा वळसा घेऊन जातो आहे. ग्वाल्हेरहून श्योपूरला जाणारी, दोन फूट रुंदीच्या रुळांवरची सुमारे २०० किलोमीटरची छोटी गाडी २०२० मध्ये थांबली आणि तिच्या जागीही ब्रॉडगेज येतं आहे. हे व्हायलाच हवं.

पण नवा मार्ग जिथे वेगळ्या वाटेने जातो तिथे जुना पट्टा मोकळा पडतो. प्रश्न त्या पट्ट्याचा आहे. तुकोजीराव होळकरांनी एक कोटी रुपये कर्ज दिलं म्हणून इंदूरला ही रेल्वे आली. १८७० च्या दशकात माणसांनी विंध्याचा कडा फोडून ती घाटातून नेली. बडोद्याजवळ डभोई-मियागाम मार्गावर तर १८६२ साली रुळांवरचे डबे बैलांनी ओढले होते. हे सगळं आपल्याच संस्थानांनी, आपल्याच गावांनी उभं केलेलं आहे. पाताळपाणी-कालाकुंड हा सुमारे दहा किलोमीटरचा टप्पा डिसेंबर २०१८ पासून हेरिटेज गाडी म्हणून जपला गेला. त्यामुळे बोगदे आणि पूल राखले गेले आणि पावसाळ्यात घाट बघायला माणसं पुन्हा येऊ लागली. चालती गाडी हा जपण्याचा सर्वांत चांगला मार्ग आहे हे मी मान्य करतो. तो जिथे शक्य नाही तिथे निदान पट्टा तरी एकसंध ठेवावा.

मी बाबांना एवढंच म्हणालो, "गाडी असेल तर गाडी ठेवा. नसेल तर वाट ठेवा. दोन्ही घालवू नका."

"हे बरोबर," ते म्हणाले. थोडं पुढे गेल्यावर त्यांनी पुस्ती जोडली, "आणि कलाकंदवाल्याला दुकान द्या."

त्याचंही उत्तर याच वाटेवर आहे. संध्याकाळी आम्ही जवळच्या मायर्सडेल गावात गेलो. कोळसा आणि रेल्वे या दोन्हींवर जगलेलं हे गाव. दोन्ही गेली. पण १९१२ सालचं स्टेशन पाडलं नाही. आज तिथे वाटसरूंसाठी माहिती केंद्र आणि गावाच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय आहे. गावाजवळ कॅसलमन नदीच्या खोऱ्यावरून जाणारा १९०८ फूट लांबीचा उंच पूल आहे. त्यावरून आता सायकली जातात आणि त्या सायकलवाल्यांना रात्री राहायला खोली आणि सकाळी न्याहारी लागते. जे गाव गाडीच्या थांब्यावर जगायचं ते आता चालणाऱ्यांच्या थांब्यावर थोडंफार जगतं. सगळं दुःख त्याने भरून निघालं असं मी म्हणणार नाही. बंद दुकानंही मी पाहिली.

आई त्या दिवशी अकरा किलोमीटर चालली. रात्री तिने गुडघ्याला तेल लावलं आणि दुसऱ्या दिवशी जिना नेहमीसारखाच एकेक पायरीने उतरली. गुडघा बरा झाला नाही, पण तिच्या बोलण्यातून "मी गाडीत बसते" हे वाक्य गेलं. बुंदी मात्र दोन दिवस झोपून होती.

या अंकाच्या तरुण वाचकांना एक सुचवावंसं वाटतं. घरातल्या आजी-आजोबांना, काका-मावशींना विचारा की ते लहानपणी कुठल्या गाडीने कुठे जायचे. स्टेशनांची नावं क्रमाने लिहून घ्या. मग फोनवर उपग्रहाचा नकाशा उघडा आणि तो मार्ग शोधा. शेतांमधून जाणारी, वळण अगदी सावकाश घेणारी एक फिकट रेघ बऱ्याचदा अजून दिसते. रस्ते असं वळत नाहीत, म्हणून ती ओळखू येते. चालू मार्गावर किंवा रेल्वेच्या बंद हद्दीत परवानगीशिवाय अजिबात जाऊ नका. पण रेघ कुठे आहे, कुठे तुटली आहे, वाटेत कुठला पूल उभा आहे याची नोंद ठेवा. पुढे कधी कुणी ती वाट राखायचं ठरवलं तर पहिला प्रश्न हाच असेल, की ती होती कुठे. ज्यांना ते माहीत आहे ती माणसं अजून आपल्या घरात आहेत.